सहीआधी ‘नोइंगली’ शोधा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

दुसऱ्या जिल्ह्यातून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहायला आलात की पहिल्या काही महिन्यांतच इंग्रजी कागदांचा ढीग समोर येतो. भाडेकरार, कंपनीचा जॉइनिंग फॉर्म, पासपोर्टचा अर्ज, कुठेतरी लागणारं अ‍ॅफिडेव्हिट. लोक रक्कम तपासतात, तारीख तपासतात, नावाचं स्पेलिंग दोनदा बघतात. पण वाक्याच्या मधोमध बसलेलं ‘नोइंगली’ (knowingly), म्हणजे ‘माहीत असताना’, हे क्रियाविशेषण कुणी वाचत नाही. पुढे वाद झाला तर समोरचा वकील मात्र आधी तेच वाचतो.

मी मराठी माध्यमात शिकले आणि आता ठाण्यात कोर्टाच्या परिसरात इंग्रजी कागद मराठीत करून देण्याचं काम करते. हा शब्द मला कुणी नीट समजावला नव्हता. कायद्याची पुस्तकं चाळत, वकिलांना विचारत तो हळूहळू उलगडला. तुम्हाला तेवढा वेळ घालवावा लागू नये म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत जाण्यासारखं असेल तर वकीलच गाठा. पण सही करण्याआधी कागद कसा वाचायचा, एवढं कुणालाही शिकता येतं.

जवळ काय असू द्यावं

- कागदाची छापील प्रत. मोबाईलच्या पडद्यावर अशी वाक्यं नीट वाचता येत नाहीत, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणा.
- पेन्सिल आणि एक वही.
- भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’. इंग्रजी कायदेशीर शब्दांना शासनाने ठरवलेले मराठी प्रतिशब्द त्यात मिळतात. कोश विकत घ्यायचा नसेल तर ग्रंथालयात बसून बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे.
- ‘इंडिया कोड’ हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ. कुठल्याही केंद्रीय कायद्याचा मूळ मजकूर तिथे फुकट वाचता येतो.
- ज्या गोष्टींबद्दल तुम्ही सही करणार आहात, त्यांचे पुरावे: जुने दाखले, पावत्या, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर.

## १. शब्दाचा नेमका अर्थ मनात पक्का करा

उच्चार ‘नोइंगली’, सुरुवातीचा ‘के’ मुका. ‘नो’ म्हणजे माहीत असणं, त्यावरून झालेला हा शब्द. कृती करताना त्या माणसाला वस्तुस्थिती माहीत होती, एवढंच तो सांगतो.

मराठीत आपण पटकन ‘जाणूनबुजून’ म्हणतो आणि इथेच घोटाळा होतो. ‘त्याने जाणूनबुजून केलं’ म्हटलं की आपल्या कानाला ‘मुद्दाम केलं’, ‘वाईट हेतूने केलं’ असंच ऐकू येतं. इंग्रजी शब्दात तो आरोप नाही. म्हणून कागद वाचताना मनातल्या मनात ‘माहीत असताना’ असं म्हणून बघा. वाक्य लगेच सरळ होतं.

## २. माहीत असणं आणि हेतू असणं वेगळं करा

बाकी सगळं या पायरीवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि १८६० ची भारतीय दंड संहिता गेली. पण जुन्या संहितेतली कित्येक उदाहरणं नव्या संहितेत तशीच आली आहेत. त्यातलं एक जहाजाच्या कप्तानाचं आहे, नव्या संहितेत कलम १९ खाली. कप्तानाची काही चूक नाही, पण अचानक अशी वेळ येते की जहाज थांबवता येत नाही. सरळ गेला तर समोरची वीस-तीस माणसांची होडी चिरडली जाणार. दिशा बदलली तर दुसऱ्या होडीला धडक बसण्याचा धोका आहे, पण तिच्यात दोनच माणसं आहेत आणि ती कदाचित चुकवताही येईल. तो दिशा बदलतो. दुसऱ्या होडीला धोका आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. तिला धडक द्यायचा हेतू मात्र नाही. त्याने प्रामाणिकपणे मोठी हानी टाळण्यासाठी हे केलं आणि धोका खरोखर तेवढा मोठा होता असं ठरलं, तर तो गुन्हेगार नाही.

आता उलट बाजू बघा. रात्रीच्या वेळी मोठ्या शहरात एकजण वस्तीतल्या घराला आग लावतो. हेतू चोरीचा असतो, आगीच्या गोंधळात माल न्यायचा असतो. आत झोपलेला माणूस मरतो. आग लावणाऱ्याला ते मरण नको होतं, नंतर कदाचित वाईटही वाटतं. तरी आपल्या कृतीने कुणाचा जीव जाण्याची शक्यता आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ते मरण ‘व्हॉलंटरिली’, म्हणजे इच्छापूर्वक घडवलं असं कायदा धरतो. ‘मला तसं व्हायला नको होतं’ हे वाक्य माहीत असण्याच्या आरोपाला उत्तर होत नाही, ते या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

शिक्षेतही हा फरक उतरतो. सदोष मनुष्यवधाच्या कलमात, नव्या संहितेच्या १०५ मध्ये, हेतू असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हेतू नव्हता, फक्त जाणीव होती, तर दहा वर्षांपर्यंत. कलम एकच, मनातल्या दोन स्थिती, आणि मोजमाप वेगळं.

## ३. शेजारी कोणता शब्द आहे ते बघा

‘नोइंगली’ बहुतेक वेळा एकटा येत नाही. आजूबाजूचे शब्द पेन्सिलीने खुणा करून वेगळे काढा.

‘इंटेन्शनली’ आणि ‘डेलिबरेटली’ म्हणजे तसं घडावं असाच उद्देश. दुसऱ्यात थोडा विचार करून, थंड डोक्याने केल्याचा भाव असतो. ‘विलफुली’ म्हणजे बुद्धिपुरस्सर. नियम माहीत आहे, पाळता येण्यासारखा आहे, तरी पाळला नाही, असा त्याचा रोख. ‘निग्लिजंटली’ म्हणजे हयगयीने. तिथे माहीत होतं की नाही हा प्रश्नच नसतो, काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही एवढं पुरतं. ‘अनविटिंगली’ म्हणजे आपण काय करतो आहोत याचा पत्ताच नसताना.

सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते ‘ऑर हॅविंग रीझन टु बिलीव्ह’ या शेपटीकडे. अर्थ असा की माहीत असेल, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असेल. ही शेपटी जोडलेली असली की ‘मला माहीत नव्हतं’ एवढं सांगून भागत नाही.

स्टेशनबाहेर सेकंडहँड मोबाईल घेणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते. फोन जवळजवळ नवा आहे, किंमत बाजारभावाच्या पाव आहे, बिल नाही, खोका नाही, विकणारा नाव सांगत नाही आणि घाई करतो आहे. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेण्याचं किंवा जवळ ठेवण्याचं न्याय संहितेतलं कलम ३१७ ‘माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना’ अशाच शब्दांत लिहिलेलं आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. इतक्या खुणा समोर असताना ‘माहीत नव्हतं’ कुणी ऐकून घेत नाही. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय क्रमांक दिसेल. तो ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवर तपासा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्या. चौकशी केली होती हे दाखवायला या गोष्टी उपयोगी पडतात. आपल्या कायद्यात ‘गुड फेथ’ म्हणजे सद्भावनेची व्याख्याच अशी आहे की योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेने केलेलं धरत नाहीत. मन साफ होतं, पण डोळे मिटून घेतले होते, तर ती सद्भावना धरली जात नाही.

## ४. शब्द वाक्यात कुठे बसला आहे ते बघा

मराठीत ‘मी माहीत असताना लपवलं नाही’ हे वाक्य दोन्हीकडे झुकू शकतं, बोलताना आपण आवाजाने सावरतो. इंग्रजी कागदावर आवाज नसतो, तिथे फक्त जागा असते.

‘आय हॅव नॉट नोइंगली कन्सील्ड एनी फॅक्ट.’ म्हणजे: मला माहीत असलेली कुठलीही गोष्ट मी लपवलेली नाही. हे बरोबर आहे, यावर सही करायला हरकत नाही.

‘आय हॅव नोइंगली नॉट डिस्क्लोज्ड द फॅक्ट.’ म्हणजे: ती गोष्ट मला माहीत होती आणि मी ती सांगितली नाही. ही सरळसरळ कबुली झाली. ‘नॉट’ आणि ‘नोइंगली’ यांची अदलाबदल झाली आणि ‘लपवलं’च्या जागी ‘सांगितलं’ आलं की नकाराचा होकार होतो. मराठीतून शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करणाऱ्या टायपिंगवाल्यांकडून, आणि आता मोबाईलवरच्या भाषांतरातूनही, असं वाक्य तयार होऊ शकतं. म्हणून आधी ‘नॉट’ शोधा, मग ‘नोइंगली’ त्याच्या उजवीकडे आहे ना आणि पुढचं क्रियापद लपवण्याचं आहे की सांगण्याचं, ते बघा.

तसाच दुसरा सापळा ‘अननोइंगली’चा. ‘आय अननोइंगली अ‍ॅक्सेप्टेड द अमाउंट’ लिहिलंत की रक्कम घेतल्याचं तुम्ही मान्य केलंत, फक्त तेव्हा कल्पना नव्हती एवढंच म्हणालात. रक्कम घेतलीच नसेल तर या शब्दाला हात लावू नका. ‘मी रक्कम घेतली नाही’ एवढंच लिहा.

जागेचा हा प्रश्न एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तो निकाल वाचण्यासारखा आहे. फ्लोरेस-फिगेरोआ हा मेक्सिकोचा नागरिक एका पोलाद कारखान्यात कामाला होता. त्याने कामासाठी बनावट ओळखपत्रं दिली. नाव त्याचं स्वतःचं, पण त्यावरचे क्रमांक प्रत्यक्षात दुसऱ्या माणसांचे निघाले. कायद्याची भाषा अशी होती की जो कोणी ‘नोइंगली’ दुसऱ्या व्यक्तीचं ओळखसाधन वापरतो, त्याला दोन वर्षांची जादा शिक्षा. सरकारचं म्हणणं, त्याने क्रमांक वापरले हे त्याला माहीत होतं, तेवढं बास. त्याचं म्हणणं, ते क्रमांक खऱ्या कुणाचे आहेत हे मला कुठे माहीत होतं? २००९ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ‘नोइंगली’ हा शब्द क्रियापदापाशी थांबत नाही, पुढच्या कर्मापर्यंत जातो, म्हणून क्रमांक दुसऱ्या व्यक्तीचा आहे हेही त्याला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं. निकालात बँकेचं साधं उदाहरण दिलं आहे. स्मिथने ‘नोइंगली’ आपल्या भावाच्या खात्यात पैसे वळवले असं बँकेचा अधिकारी म्हणाला, तर ते खातं भावाचं आहे हे स्मिथला ठाऊक होतं, असंच आपण समजतो.

हा निकाल तिकडचा आहे, आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. तरी वाचायची रीत म्हणून तो उत्तम आहे. ‘नोइंगली’वर बोट ठेवा आणि विचारा, नेमकं काय काय माहीत असल्याचं मी इथे कबूल करतो आहे?

## ५. भाडेकरारात हा शब्द कुणाच्या बाजूने आहे ते ठरवा

महाराष्ट्रात घर भाड्याने घेताना बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सचा करार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. कोपरखैरणे असो की कासारवडवली, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, चहा होतो, अंगठा लागतो, झालं. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे हाच करतात’ असं सांगतील, तरी मागा.

त्यात एक कलम हमखास असतं: भाडेकरू जागेचा बेकायदेशीर वापर करणार नाही किंवा ‘परमिट’ करणार नाही, म्हणजे होऊ देणार नाही. तुम्ही एकटे राहणार असाल तर ठीक. पण चार मुलं मिळून फ्लॅट घेता, करार तुमच्या नावावर असतो, आणि एखादा रूममेट खोलीत काय करतो याचा तुम्हाला पत्ता नसतो. तिथे ‘परमिट’च्या आधी ‘नोइंगली’ घालायला सांगा. ‘शॅल नॉट नोइंगली परमिट’. एका शब्दाने तुमचं वचन तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टींपुरतं मर्यादित होतं. समजूतदार घरमालक सहसा नाही म्हणत नाही, कारण त्याचं त्यात काही जात नाही.

मालकाच्या वचनांकडे मात्र उलट नजरेने बघा. ‘टु द बेस्ट ऑफ द लायसेन्सर्स नॉलेज’ सोसायटीची कुठलीही थकबाकी नाही, असं लिहिलेलं असेल तर मालकाने आपलं वचन सैल करून घेतलं आहे. उद्या थकबाकी निघाली आणि सोसायटीने पार्किंग अडवलं तर ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायला तो मोकळा. घर त्याचं आहे, थकबाकी आहे की नाही हे त्याला कळायलाच हवं. ते शब्द काढायला लावा, किंवा सोसायटीकडून थकबाकी नसल्याचं पत्र मागा.

थोडक्यात, तुमच्या वचनात हा शब्द असू द्या, समोरच्याच्या वचनात नको. ब्रिटनमधल्या जॉन लुईस या दुकानसाखळीने १९२५ साली घेतलेलं ब्रीदही याच शब्दावर बेतलेलं आहे: आमच्या माहितीत दुसरीकडे वस्तू स्वस्त मिळत असताना आम्ही ती महाग विकणार नाही. ‘आमच्या माहितीत’ हे दोन शब्द दुकानाला वाचवतात.

## ६. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये माहीत असलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा

तहसील कार्यालयात किंवा सेतूत दाखल्यासाठी मराठी स्वयंघोषणापत्र भरलं असेल तर त्यात ‘माझ्या व्यक्तिगत माहिती व समजुतीनुसार खरी आहे’ असे शब्द तुम्ही वाचले असतील. इंग्रजीतलं ‘नॉलेज अँड बिलीफ’ ते हेच. माहिती म्हणजे स्वतः पाहिलेलं, केलेलं, अनुभवलेलं. समजूत म्हणजे दुसऱ्याकडून कळलेलं आणि खरं वाटणारं.

कोर्टातल्या कागदांत ही फोड आणखी कडक असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे दाव्याच्या शेवटी सत्यापन करताना कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कुठले दुसऱ्याकडून मिळालेल्या व खऱ्या मानलेल्या माहितीवरून, हे क्रमांक देऊन सांगावं लागतं. शपथपत्रातही मुळात स्वतःच्या माहितीतल्या गोष्टीच याव्यात अशी अपेक्षा असते.

समजा, वडिलांच्या नावावरच्या घराबद्दल तुम्ही शपथपत्र करता आहात. ‘मी २०१५ पासून या घरात राहतो’ ही तुमची माहिती. ‘वडिलांनी हे घर १९९० साली घेतलं’ ही वडिलांकडून कळलेली गोष्ट, तेव्हा तुमचा जन्मही झाला नसेल. दोन्ही वाक्यांखाली ‘ट्रू टु माय ओन नॉलेज’ छापून सही घेतली जाते, आणि उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो: ‘१९९० साली तुम्ही कुठे होतात?’

खोट्या पुराव्याची व्याख्या, न्याय संहितेचं कलम २२७, त्याच्याही पुढे जाते. खोटं आहे हे माहीत असताना केलेलं विधान त्यात येतंच. पण खोटं असल्याचा विश्वास असताना, किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना केलेलं खोटं विधानही त्यात येतं. न्यायालयीन कामात अशा पुराव्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत. म्हणून जे ऐकलंय ते ‘ऐकलंय’ म्हणूनच लिहा, कुणाकडून ऐकलं तेही लिहा. नोटरीकडे गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो. करू द्या.

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही तर कधीच नको. सहीच्या वर नंतर काय टाईप झालं ते तुम्हाला माहीत नव्हतं, हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

## ७. पासपोर्टचा अर्ज: शिक्षा एका शब्दावर, जप्ती त्याच्याशिवाय

ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो, अवघड नाही. तरी पुष्कळजण एजंटकडे जातात, आणि एजंट ‘पत्ता गावचाच टाकू, सोपं पडेल’ किंवा ‘केसचं काही लिहू नका’ असं सांगून मोकळा होतो.

पासपोर्ट अधिनियम, १९६७ ची दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम १२ म्हणतं, जो कोणी पासपोर्ट मिळवण्यासाठी ‘नोइंगली’ खोटी माहिती देतो किंवा महत्त्वाची माहिती दडवतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे शब्द आहे. म्हणजे प्रामाणिक चूक झाली असेल तर तुम्हाला बोलायला जागा आहे.

कलम १० मध्ये पासपोर्ट जप्त किंवा रद्द करण्याची कारणं आहेत. त्यातलं एक असं की महत्त्वाची माहिती दडवून, किंवा धारकाने अथवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेल्या चुकीच्या माहितीवरून पासपोर्ट मिळवला असेल तर. चुकीच्या माहितीच्या या कारणात ‘नोइंगली’ कुठेच नाही. उलट ‘त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी’ म्हणजे तुमचा एजंट आला! तुम्हाला माहीत असो वा नसो, एजंटने चुकीचा पत्ता टाकला तरी पासपोर्ट हातचा जाऊ शकतो. परदेशातल्या कामासाठी तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे फार महागात पडतं.

म्हणून सध्याचा पत्ता खरा, जिथे राहता तोच टाका. एखादा फौजदारी खटला चालू असेल तर तो लिहा. खटला चालू आहे म्हणून दार कायमचं बंद होत नाही, संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन ठराविक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. अर्ज जमा करण्याआधी एजंटकडून भरलेल्या अर्जाची प्रत घ्या आणि प्रत्येक रकाना स्वतः वाचा.

अमेरिकेचा व्हिसा काढणाऱ्या ऐरोली-घणसोलीच्या आयटीवाल्यांना त्यांच्या अर्जातही ‘नोइंगली’ असलेले प्रश्न भेटतात. वाचायची रीत तीच.

नोकरीच्या जॉइनिंग फॉर्मलाही हेच लागू. ‘मी जाणीवपूर्वक कुठलीही माहिती दडवलेली नाही’ हे वाक्य वेगळं, आणि ‘दिलेली कुठलीही माहिती चुकीची आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल’ हे वेगळं. दुसऱ्यात चूक प्रामाणिक होती की नाही याला वाव नाही. तिथे आधीच्या नोकरीच्या तारखा आठवणीने लिहू नका, रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून लिहा.

## ८. मेमोला उत्तर देताना प्रत्येक शब्दाला वेगळं उत्तर द्या

रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि गोदामांत काम करणाऱ्यांसाठी ही पायरी. मेमोत सहसा असं असतं: ‘यू हॅव नोइंगली अँड विलफुली मार्क्ड द अटेंडन्स ऑफ युअर को-वर्कर.’ सहकाऱ्याचं कार्ड तुम्ही माहीत असताना आणि बुद्धिपुरस्सर पंच केलंत. कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या नियमावलीत, गैरवर्तनाची यादी असते, तिच्यात ‘विलफुल’ हा शब्द बऱ्याच ठिकाणी येतो. म्हणून मेमो लिहिणारा तो वापरतोच.

घाबरलेला माणूस उत्तर देतो, ‘आय डिड नॉट डू इट इंटेन्शनली, सॉरी.’ आता काय झालं बघा. कार्ड पंच केलं हे मान्य झालं. ते दुसऱ्याचं होतं हे माहीत नव्हतं असं कुठेही म्हटलं नाही. ज्या ‘इंटेन्शनली’चा मेमोत उल्लेखच नव्हता, तो नाकारला. दोन खरे आरोप उत्तराविना राहिले.

आधी वहीत मराठीत तीन प्रश्न लिहा. कृती झाली का? तेव्हा मला काय माहीत होतं? मी ते का केलं? मग खरं असेल ते वेगवेगळ्या वाक्यांत उत्तर द्या. दोन्ही कार्डं एका कोटाच्या खिशात होती, हाताला आलं ते लावलं, असं घडलं असेल तर: ‘माझ्याकडून ते कार्ड पंच झालं. ते माझं नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लक्षात येताच मी सुपरवायझरला सांगितलं.’ आणि माहीत असताना केलं असेल, सहकाऱ्याच्या घरी कुणी आजारी होतं म्हणून, तर तसंच लिहा. कारण सांगा, पण ‘माहीत नव्हतं’ लिहू नका. गेटवरचा कॅमेरा आणि पंचिंगची वेळ समोर ठेवली की ते वाक्य टिकत नाही, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उत्तर इंग्रजीतच द्यायला हवं असं नाही. मराठीत नीट देता येत असेल तर मराठीत द्या. पोच घ्या.

## ९. गोष्टीतला ‘नोइंगली’ वेगळा

इंग्रजी सुधारायचं म्हणून कथा-कादंबऱ्या वाचत असाल तर ‘शी स्माइल्ड नोइंगली’ असं वाक्य भेटेल. तिथे अपराधाचा काही संबंध नाही. आतली गोष्ट ठाऊक असल्यासारखी ती सूचक हसली, इतकंच. हसणं, बघणं, मान डोलावणं या क्रियापदांबरोबर आला की हा अर्थ घ्यायचा.

## १०. अडलं तर कुठे जायचं

ठाण्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत कायदेशीर मदत मिळते. महिला आणि कामगारांना तर उत्पन्नाची अटही आड येत नाही. देशभरासाठी १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. जाताना मूळ कागद, त्याच्या दोन झेरॉक्स आणि पेन्सिलीने खुणा केलेली तुमची प्रत घेऊन जा. ‘या वाक्यातला हा शब्द मला अडवतोय’ असं बोट ठेवून दाखवलं की समोरच्या वकिलाचंही काम सोपं होतं.

बऱ्याच छापील फॉर्मवर अजून भारतीय दंड संहितेचे जुने कलम क्रमांक असतात. क्रमांक जुना दिसला म्हणून कागद निरुपयोगी समजू नका. खोट्या पुराव्याचं जुनं १९१ आता २२७ झालं, शिक्षेचं १९३ आता २२९. सही केलेल्या प्रत्येक कागदाची संपूर्ण प्रत, सगळ्या पानांची, त्याच दिवशी मागून घ्या.